फक्त बीपीची गोळी

‘काही औषधं चालू आहेत का?’ या प्रश्नाला ठरलेलं उत्तर येतं: ‘नाही हो, फक्त बीपीची गोळी.’ वर्षानुवर्षं घेतलेली गोळी लोकांच्या लेखी औषध उरत नाही. त्यापेक्षा ‘रोज काय काय घेता? पाकिटं दाखवा,’ असं म्हणावं. त्या गोळीत ॲम्लोडिपिन निघालं, तर वाढलेल्या हिरड्यांचं कारण तिथेच सापडू शकतं.

खरा घोळ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा. दाढ काढायची म्हणून रुग्ण परस्पर ॲस्पिरिन बंद करून येतो. काही दवाखान्यांत आजही तसंच सांगितलं जातं. साध्या दाढेसाठी ते बहुधा अनावश्यक असतं. हिरडीतलं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं. पण गोळी बंद केल्याने स्टेंटमध्ये गुठळी झाली तर आपल्या हाती काही नसतं. ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन घेणाऱ्याचा ताजा आयएनआर मात्र पाहायलाच हवा. आणि अशा रुग्णाला सवयीने मेट्रोनिडॅझोल लिहू नये, त्याने वॉरफरिनचा परिणाम वाढतो.

हाडांसाठी आठवड्याला एक ॲलेन्ड्रोनेट घेणाऱ्या आजी तर ती गोळी सांगतच नाहीत. रोजची नाही ना! ॲलेन्ड्रोनेटच्या गटातल्या औषधांनंतर दात काढला की जबड्याचं हाड उघडं राहून न भरण्याचा धोका २००३ पासून नोंदला गेला आहे. गोळीत तो कमी, कर्करोगात शिरेतून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनेटमध्ये बराच जास्त. ते इंजेक्शन सुरू होण्याआधीच दात तपासायला पाठवा, असं कॅन्सरतज्ज्ञांना सांगायला आपण संकोचू नये.