प्रकाशाची किंमत

रक्तात औषध सोडावे, दुसऱ्या दिवशी गाठीवर तांबडा लेसर प्रकाश टाकावा आणि कर्करोगाच्या पेशी फुटून जाव्यात, हे वाचून कोणासही चमत्काराचा वास येईल. पण हा चमत्कार नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत हिसाताका कोबायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र २०११ साली जगापुढे मांडले. सप्टेंबर २०२० मध्ये जपानने डोके व मान यांच्या, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या कर्करोगासाठी त्यास सशर्त मान्यता दिली.

यातील मर्म असे की, कर्कपेशीला जाऊन चिकटणाऱ्या प्रतिपिंडाशी एक रंगद्रव्य जोडलेले असते. प्रकाश पडताच ते पेशीचे आवरण फाडते. शेजारची निरोगी पेशी बहुतांशी बचावते. फुटलेल्या पेशीतून जे बाहेर सांडते, त्यावरून शरीराच्या रक्षक पेशींना शत्रूची ओळख पटते. म्हणूनच या रक्षकांच्या पायांतील बेड्या तोडणारी औषधे प्रकाशाच्या जोडीला देऊन पाहिली जात आहेत. या औषधांमागील संशोधनाबद्दलच ॲलिसन व होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उंदरांत तर प्रकाश न पडलेली दुसरी गाठही आकसली! माणसांत तेवढे सिद्ध झालेले नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

मुंबईकरास याचे काय? भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग अग्रस्थानी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तिचे दर्शन घेण्यास जवळच्या पानपट्टीपर्यंत जावे म्हणजे पुरे. अशा रोग्यास नव्या औषधाच्या किमतीनेच धडकी भरते. तथापि टाटा स्मारक रुग्णालयाने मार्ग दाखविला आहे. निव्होलुमॅब हे औषध परदेशी प्रघाताप्रमाणे दर दोन आठवड्यांस २४० मिलिग्रॅम देतात. टाटाच्या डॉक्टरांनी स्वस्त गोळ्यांच्या जोडीला ते तीन आठवड्यांस अवघे २० मिलिग्रॅम दिले, आणि वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले.

प्रकाशोपचारासही हाच न्याय लावावा. परदेशी यंत्र परदेशी दराने आणून चार श्रीमंती रुग्णालयांत मिरवावे, यात आम्हांस स्वारस्य नाही. जोडउपचाराच्या चाचण्या सार्वजनिक रुग्णालयांत, रोग्यांच्या पूर्ण संमतीने व्हाव्यात; किमान मात्रा किती, स्वदेशी लेसर चालतो की नाही, हे तेथेच ठरावे. या उपचारानंतर रोग्यास काही आठवडे कडक उजेड वर्ज्य असतो. उन्हात मजुरी करणाऱ्याने तेवढे दिवस काय खावे, याचीही तरतूद चाचणीच्या खर्चातच हवी. हा पैसा कोठून आणावा, असे दिल्लीने विचारू नये. तंबाखूवरील कराची रक्कम तिजोरीत येतच आहे.