कराओके, माईक आणि घरातला हळू आवाज

घरात कराओके गाण्यासाठी कोणता माईक घ्यावा, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडला तर त्यांतील निम्म्यांना ती थट्टा वाटेल आणि उरलेले एखाद्या दुकानाचे नाव सांगून मोकळे होतील. मला मात्र हा प्रश्न आपल्याच प्रांतातला वाटतो. समीक्षेत ‘आवाज’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो! कवीचा आवाज, निवेदकाचा आवाज, परिघावरचा आवाज, दबलेला आवाज. ही सारी रूपके झाली. प्रत्यक्ष कंठातून निघणारा, श्वासावर तोललेला, कधी फाटणारा आवाज आपल्या चर्चेत क्वचितच येतो. माईक निवडताना तो टाळता येत नाही. कोणाचा आवाज ऐकायचा आहे आणि तो कसा ऐकायचा आहे, हे आधी ठरवावे लागते. उपकरण नंतर येते.

परभणीहून जिंतूरकडे निघाले की झरीच्या पुढे बोरी लागते. जिंतूर तालुक्यातल्या या गावी, किंवा मराठवाड्यातल्या कोणत्याही अशा गावी, आवाजाची एक जुनी आणि भक्कम परंपरा आहे. भजनी मंडळात गाणारा माणूस आवाज ‘टाकतो’. टाळ-पखवाजाच्या वरून तो मंदिराच्या पारापर्यंत पोचला पाहिजे, हीच त्याची कसोटी. सप्ताहाच्या दिवसांत त्याला भोंग्याची जोड मिळते आणि मग तो शिवारात पोचतो. या आवाजाला घरातल्या माईकची मुळीच गरज नाही. उलट तो लहानशा खोलीत माईक तोंडाशी धरून गाऊ लागला की घरच्यांना ओट्यावर जाऊन बसावे लागते.

दुसरी परंपरा हळू आवाजाची. याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईपासून ती जात्याशी बांधलेली आहे. जात्यावरची ओवी कोणाला ऐकवण्यासाठी नव्हती. दळणाच्या घरघरीत ती मिसळून जाई आणि फार तर जात्याच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्या दुसऱ्या बाईला ऐकू जाई. पिठाची गिरणी आली, श्रम वाचले, ते चांगलेच झाले; पण त्याबरोबर बाईला घरात गाण्याचे जे एक निमित्त होते तेही गेले. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि नव्वदीच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ ओव्या प्रत्यक्ष बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. हा हळू आवाज माईकपुढे बसून ऐकण्याचा आपल्याकडचा तो बहुधा सर्वांत मोठा उद्योग. त्यात माईक ओवीच्या घरी गेला होता. ओवीला स्टुडिओत यावे लागले नव्हते.

कराओकेकडे मी या बाजूने पाहतो. दुपारी जेवणे आटोपल्यावर फोनवर वाद्यमेळ लावून एखादी सून किंवा सासू गाते, हे दृश्य आता गावातही नवे राहिलेले नाही. सुशिक्षितांनी या हौसेला नाक मुरडणे मला अन्यायाचे वाटते. ‘कराओके’ या जपानी शब्दातल्या ‘करा’चा अर्थ रिकामा, आणि ‘ओके’ म्हणजे ऑर्केस्ट्राचे संक्षिप्त रूप. कोबे शहरात भाड्याने वाद्ये वाजवणाऱ्या दाइसुके इनोए यांनी १९७१ साली नाणे टाकून चालणारे असे यंत्र बनवले, आणि त्याचे पेटंट मात्र घेतले नाही. गायकाची जागा रिकामी ठेवायची, बाकी सारे जागच्या जागी. वाचकाने भरावयाच्या रिकाम्या जागांविषयी आपण वर्गात तासन्‌तास बोलतो. येथे ती जागा खरोखरीची आहे, आणि तीत उभी राहणारी व्यक्ती पुष्कळदा अशी असते की जिला गावात दुसरी कोणतीही गाण्याची जागा मिळालेली नाही.

या आवाजासाठी माईक निवडायचा, तर माईकने आवाजाचे आजवर काय केले हे थोडे आठवावे. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानने ग्रामोफोनसाठी गायले तेव्हा माईक नव्हता, कर्णा होता. त्या कर्ण्यात जोराने गावे लागे, कारण मेणाच्या तबकडीवर रेघ ओढणारी सुई गाणाऱ्याच्या श्वासाच्या बळावरच हलत असे. आपल्या जुन्या संगीत रंगभूमीवरचा आवाजही असाच बळाचा. शेवटच्या रांगेपर्यंत तो स्वतःच्या पायांनी चालत जाई. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि कुजबुज टिपणे शक्य झाले. पुढच्या दहा वर्षांत मराठीत भावगीत रुजले, हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. जिंतूरच्या उत्तरेला बुलढाणा जिल्ह्यात मेहकर आहे. तेथल्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी तबकडीवर गायली आणि ती घरोघर पोचली. तो आवाज सभेला उद्देशून नव्हता; एका माणसाने दुसऱ्या माणसाला म्हणावे तसा होता. भावगीताच्या इतिहासात आपण कवी, संगीतकार आणि आकाशवाणी यांची नावे घेतो. माईकचे घेत नाही. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले ‘गीतरामायण’ही मला या अर्थाने माईकचेच अपत्य वाटते, रामकथा कीर्तनाच्या मंडपातून उठून माजघरात आली ती सुधीर फडके यांच्या त्या संयत, शब्द न मोडणाऱ्या उच्चारामुळे. गाताना श्वास कोठे आणि कसा घ्यावा म्हणजे तो माईकला ऐकू येणार नाही, हे आपल्याला अनिल विश्वासांनी शिकवले, असे लता मंगेशकर सांगत. म्हणजे माईक हे गाण्याचेच एक अंग झाले होते.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. सर्वांत खपणारा माईक म्हणजे खालच्या भागात लहानसा स्पीकर बसवलेला, ब्लूटूथवर फोनशी जोडला जाणारा, चमचमत्या दिव्यांचा. हजार रुपयांच्या आत येतो, चार्ज होतो, वीज गेली तरी चालतो. भारनियमनाच्या गावात हा शेवटचा गुण लहान नाही, आणि पोरांसाठी घेणाऱ्याला मी अडवणार नाही. पण त्याची रचनाच अडचणीची आहे. आवाज टिपणारा भाग आणि आवाज फेकणारा भाग यांत वीतभराचेही अंतर नाही. जरा आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, आणि कान फाडणारी शिट्टी वाजते. हळू गाणाऱ्याला तर आवाज वाढवावाच लागतो. म्हणजे शिट्टी नेमकी त्याच्याच वाट्याला येते.

ही उणीव झाकण्यासाठी तेथे ‘एको’ची कळ दिलेली असते. गायलेला प्रत्येक शब्द क्षणार्धाने पुन्हा, मग आणखी मंद होऊन पुन्हा ऐकू येतो. सूर थोडा हलला तर कळत नाही, श्वास तुटला तर कळत नाही, आणि गाणाऱ्याला वाटते की आपण मोठ्या सभागृहात गातो आहोत. माझी तक्रार सुरापेक्षा शब्दाची आहे. एकोमध्ये मराठीची व्यंजने लोळागोळा होतात. चमच्यातला ‘च’ आणि चंद्रातला ‘च’ सारखेच ऐकू येतात. ‘ळ’चा ‘ल’ होतो. शब्दाच्या शेवटाला असलेला अनुस्वार तर गेलाच. भावगीत हा शब्दांवर उभा असलेला प्रकार. त्यातला शब्द पुसून टाकून उरलेल्या घुमाऱ्याला गाणे म्हणायचे असेल तर देवळाचा गाभारा पुरेसा आहे.

घुमाऱ्याचा विषय निघालाच आहे तर घराविषयीही बोलले पाहिजे. मराठवाड्यातले जुने माळवदी घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, लाकडी सरे-तुळया, वर मातीचे छत, कोपऱ्यात धान्याची पोती. अशा घरात आवाज मुरतो. गेल्या काही दशकांत माळवदे पाडून स्लॅबची घरे उभी राहिली. गिलाव्याच्या उघड्या भिंती, फरशी, खोलीत मोजके सामान; टाळी वाजवली तर ती परत येते. अशा खोलीत आधीच एको आहे, त्यावर कळीचा एको चढवणे म्हणजे गोड चहात गूळ. पत्र्याच्या घराची गोष्ट आणखी वेगळी. तेथे पावसाळ्यात गाणेच थांबवावे. माईकवर जादा दोन हजार घालण्याऐवजी भिंतीला एक गोधडी टांगली आणि खाली सतरंजी अंथरली तर फरक अधिक पडतो, हे सांगायला कोणताही दुकानदार धजावणार नाही.

माझे मत असे की घरासाठी वायरचा, साधा ‘डायनॅमिक’ माईक घ्यावा. त्यात एक पातळ पडदा, त्याला जोडलेले तारेचे वेटोळे आणि एक चुंबक असते; आवाजाने पडदा हलतो, वेटोळे हलते, वीज निर्माण होते. त्याला बॅटरी लागत नाही आणि हातातून पडला तरी सहसा मोडत नाही. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ सालचा नमुना आजही जगभर रंगमंचावर दिसतो तो याच दणकटपणामुळे. पण घरी त्याचीच गरज नाही. आपल्याकडच्या मंडपांत वर्षानुवर्षे दिसणाऱ्या अहुजाचा किंवा तत्सम कंपनीचा साधा माईक पुरतो. फक्त तो ‘कार्डिऑइड’ असावा, म्हणजे समोरचे ऐकणारा आणि मागचे फारसे न ऐकणारा. स्पीकर त्याच्या पाठीमागे ठेवला की शिट्टीचा प्रश्न बराच सुटतो. स्टुडिओतला कंडेन्सर माईक अधिक तरल असतो खरा, पण त्याला बहुधा ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो आणि तो पंखा, मिक्सर, शेजारचे कुत्रे हे सारे निष्ठेने ऐकतो.

डायनॅमिक माईकवर एक आक्षेप घेतला जातो: तो बहिरट आहे, हळू आवाज पकडत नाही. आक्षेप खरा आहे. त्यावरचा उपाय मात्र अंतराचा आहे. माईक ओठांपासून दोन बोटांवर आणला की हळू आवाजही भरतो. एवढेच नव्हे, दिशा ओळखणाऱ्या माईकचा एक गुण असा की जवळून गायले तर खालचे स्वर अधिक गडद येतात. भजनी गवयाला हा दोष वाटेल. ज्या बाईने आयुष्यभर दार लोटून गुणगुणले तिला हे पहिल्यांदा मिळालेले दान वाटते: आवाज न चढवता तो भरीव ऐकू येतो. माईक किंचित तिरपा धरावा, नाहीतर ‘भ’, ‘फ’, ‘ध’ या महाप्राणांचा वारा थेट पडद्यावर आदळतो. मराठीत महाप्राण भरपूर असल्याने हा धडा आपल्याला इंग्रजीत गाणाऱ्यांपेक्षा अधिक लागू आहे. जाळी मुठीत धरण्याची चित्रपटी ऐट टाळावी. त्याने माईक मागचेही ऐकू लागतो.

वायर कशाला, असे तरुण वाचक विचारतील. कारण उशीर. माईकचा आवाज ब्लूटूथवरून स्पीकरला पाठवला तर तो सहज १०० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक मागे राहतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ही स्थिती स्वतःचाच आवाज चौतीस मीटरवरून ऐकत गाण्यासारखी झाली. ताल सुटतो आणि गाणाऱ्याला वाटते की आपल्यालाच ताल नाही. वाद्यमेळ ब्लूटूथने आला तरी चालेल, कारण जे ऐकू येते त्याबरोबरच आपण गातो. माईकने मात्र तो रस्ता धरू नये. वायर नकोच असेल तर यूएचएफ लहरींवर चालणारा बिनतारी माईक घ्यावा, त्यात हा उशीर जाणवत नाही. जोडणीसाठी मोठ्या पिनेचे तोंड असलेला छोटा स्पीकर किंवा ट्रॉली लागते. माईक थेट फोनला खुपसून तो चालत नाही म्हणून परत करणारे अनेक आहेत.

माईकइतकीच महत्त्वाची पट्टी. तयार वाद्यमेळ बहुधा मूळ गायकाच्या पट्टीत असतो आणि लताबाईंच्या पट्टीत गाणे हे सामान्य कंठाला शिक्षा आहे. लय तशीच ठेवून पट्टी दोन-तीन अर्धस्वर खाली आणण्याची सोय फोनवरच्या अनेक अ‍ॅप्समध्ये आहे, ती वापरण्यात कमीपणा नाही. दुसरी गोष्ट शब्दांची. पडद्यावर गाण्याचे शब्द पुष्कळदा रोमन लिपीत सरकतात, मराठी गाण्याचेसुद्धा. ज्यांच्यासाठी हे सारे खटाटोप करायचे त्या वाचतात देवनागरी. त्यांना शब्द वहीत उतरवून द्यावेत. आपल्या विद्यार्थ्यांना शुद्धलेखनाची याहून उपयुक्त कामगिरी क्वचितच मिळेल.

स्वच्छ माईक चुका उघड्या पाडतो, नवशिक्याचा हिरमोड करतो, थोडा एको असला तर बिघडते कोठे, असे माझ्या एका अध्यापक मित्राने विचारले. प्रश्न प्रामाणिक आहे. कार्यक्रमात, पाहुण्यांसमोर, थोडा एको मी मान्य करीन. पण घर ही एकच जागा आहे जेथे आपला आवाज आपल्याला जसाच्या तसा ऐकता येतो, कोणी टाळ्या वाजवायला नाही आणि कोणी हसायलाही नाही. पहिले चार दिवस तो परका वाटतो, नावडता वाटतो. पाचव्या दिवशी बाई स्वतःच म्हणते की या ओळीत मी घाई करते. एकोत बुडालेल्या आवाजाला हे वाक्य कधी सुचत नाही. शिवाय असा माईक कराओकेपुरता उरत नाही. ज्या घरात अजून एखाद्या आजींना ओव्या येतात तेथे वाद्यमेळ बंद करावा, माईक त्यांच्यापुढे ठेवावा आणि ध्वनिमुद्रण चालू करावे. ओवीला वाद्यमेळ नाही, तिला लागतो तो फक्त ऐकणारा.

वायर घेताना मात्र पाच मीटरचीच घ्यावी. माईकबरोबर येणारी तीन मीटरची वायर बैठकीतल्या स्पीकरपासून स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही.