दरोडा समुद्रात, भुर्दंड जालन्यात

मुंबई बंदर जालन्याहून सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. त्यामुळे समुद्रात जहाज पळवल्याची बातमी आली की आपले व्यापारी बांधव ती वाचतात, हळहळतात आणि पान उलटतात. जहाज परक्याचे, खलाशी परमुलखातले, लुटारू सोमालियाचे. आपला काय संबंध, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय महागात पडणारा आहे. जहाज सोडवण्यासाठी जी खंडणी दिली जाते, तिचा हिस्सा जहाजावर ज्याचा ज्याचा माल आहे त्या प्रत्येकाकडून मागता येतो. मग त्याची एकच पेटी का असेना. हिस्सा भरल्याशिवाय किंवा त्याची हमी दिल्याशिवाय माल ताब्यात मिळत नाही. ही गोष्ट आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे?

समुद्री लूट आपल्या तिजारतीला नवी नाही. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने सूरतचे बडे व्यापारी मुल्ला अब्दुल गफूर यांचे ‘फतेह मुहम्मदी’ हे जहाज लुटले. त्यापाठोपाठ त्याने बादशाह औरंगजेब यांचे ‘गंज-ए-सवाई’ गाठले. त्यावर हजहून परतणारे यात्रेकरू होते. त्यांच्यावर जे अत्याचार झाले त्याची हकीकत इतिहासकार खाफी खान यांनी लिहून ठेवली आहे. बादशाह त्या वेळी दख्खनमध्येच मुक्कामाला होते. सूरतचे व्यापारी एक झाले, त्यांनी भरपाईची मागणी लावून धरली, इंग्रजांच्या वखारीतील माणसांना कैदेत टाकण्यात आले. अखेर इंग्रज, डच व फ्रेंच कंपन्यांना आपल्या जहाजांच्या संरक्षणाची जबाबदारी घेणे भाग पडले. त्या व्यापाऱ्यांना समुद्राचे कायदे माहीत होते आणि ते एकत्र होते, म्हणून त्यांचे ऐकले गेले. आज या दोन्ही गोष्टी आपल्यात कमी आहेत.

आता अलीकडचे पाहू. ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘अलोन्द्रा रेनबो’ हे जहाज इंडोनेशियातून सुमारे ७,००० टन अ‍ॅल्युमिनियम घेऊन जपानकडे निघाले आणि वाटेतच पळवले गेले. चाच्यांनी त्याला नवा रंग दिला, ‘मेगा रामा’ असे नवे नाव दिले. नोव्हेंबरात आपल्या तटरक्षक दलाने व नौदलाने पाठलाग करून ते अरबी समुद्रात पकडले व मुंबईला आणले. इंडोनेशियन आरोपींना २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली. २००५ मध्ये उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरीसाठी स्वतंत्र कायदाच त्या वेळी आपल्या देशात नव्हता. तो संसदेने मंजूर केला डिसेंबर २०२२ मध्ये. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या जहाजावरून नौदलाने पकडलेल्या ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणले गेले, तेव्हा हा कायदा कामी आला.

मधल्या काळात सोमालियाच्या टापूत काय घडले, याचा हिशेब जागतिक बँकेच्या २०१३ च्या अहवालात आहे. २००५ ते २०१२ या आठ वर्षांत तेथे १७९ जहाजे पळवली गेली आणि खंडणीपोटी अंदाजे ३४ ते ४१ कोटी डॉलर मोजले गेले. २०१० मध्ये जहाज कंपन्यांनी धोक्याच्या क्षेत्राची रेषा थेट ७८ अंश रेखांशापर्यंत आणली. म्हणजे मुंबई व न्हावा-शेवासह आपला जवळजवळ सारा पश्चिम किनारा धोक्याच्या क्षेत्रात गेला. डिसेंबर २०१५ मध्ये ती रेषा ६५ अंशावर मागे नेली गेली. तोवर जहाजांचा वाढीव विमा भाड्यात मिळवला जात होता, भाडे मालाच्या किमतीत, आणि किंमत गिऱ्हाइकाच्या माथी. मुंबईच्या आयातदाराकडून माल घेणाऱ्या जालन्याच्या दुकानदारानेही ती भरली. फक्त बिलावर तसे लिहिलेले नव्हते, एवढेच.

हा झाला आडून बसणारा फटका. जो स्वतःच्या नावावर माल मागवतो किंवा पाठवतो, त्याला फटका थेट बसतो. खजूर, अत्तर, शिलाई मशीनचे सुटे भाग, भट्ट्यांसाठी भंगार, तयार कपडे – माल कोणताही असो, नियम एकच. त्याला ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. सर्वांचे जहाज व माल वाचवण्यासाठी जो खर्च झाला, तो सर्वांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात सोसायचा. समजा जहाज आणि त्यावरील सर्व माल मिळून २०० कोटींचा आहे आणि सोडवण्याचा खर्च १० कोटी आला. म्हणजे शेकडा ५. ज्याचा माल २० लाखांचा, त्याच्या वाट्याला १ लाख. ज्याच्याकडे योग्य विमा आहे, त्याची हमी विमा कंपनी देते. ज्याच्याकडे नाही, त्याने रोख अनामत भरायची आणि मग माल उचलायचा. रमजानच्या तोंडावर ज्याचे भांडवल उधारीत गुंतले आहे, त्याने हा लाख कोठून आणावा?

हा नियम ऐकून कोणी परका समजू नये. वादळात माल समुद्रात टाकून जहाज वाचवले तर नुकसान कोणी सोसायचे, याची चर्चा आपल्या फिक्हच्या किताबांतही आहे. मालिकी मजहबात ते मालाच्या किमतीनुसार वाटून घेण्याचा मार्ग सांगितला आहे.

‘आम्ही विम्यासह भावाने माल घेतो’ असे काही बंधू सांगतात. खरी मेख इथेच आहे. विम्यासह भाव, म्हणजे ज्याला सी.आय.एफ. म्हणतात, त्यात विमा विकणारा काढतो. करारात वेगळे ठरले नसेल, तर सध्याच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्याने सर्वात कमी संरक्षणाचा, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ‘सी’चा विमा काढला तरी पुरते. आणि ‘सी’मध्ये चाचेगिरी येत नाही. ‘बी’मध्येही येत नाही. ती येते फक्त ‘ए’मध्ये. एका अक्षराचा फरक, पण चाच्यांनी जहाज अडवले त्या दिवशी तो लाखांचा होतो.

दुसरा फरक चाचा आणि लढवय्या यांच्यातला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी तुर्कस्तानहून गुजरातच्या पिपावाव बंदराकडे निघालेले ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज येमेनच्या हूथींनी तांबड्या समुद्रात ताब्यात घेतले. गाझाच्या मजलूमांविषयी आपल्या सर्वांच्या मनात जे दुःख आहे ते वेगळे. पण त्या जहाजाचे २५ खलाशी फिलिपिन्स, बल्गेरिया, युक्रेन, मेक्सिको अशा देशांचे साधे नोकरदार होते आणि त्यांची सुटका जानेवारी २०२५ मध्ये झाली. विम्याच्या हिशेबी असा कब्जा चाचेगिरीत न बसता युद्धात जाण्याची शक्यता मोठी, आणि युद्धाची जोखीम ‘ए’मध्येही नसते. त्यासाठी ‘वॉर’ आणि ‘स्ट्राइक्स’चे क्लॉज वेगळे जोडून घ्यावे लागतात. त्यानंतर बहुतेक मोठ्या कंपन्यांची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. एका खेपेला दहा ते चौदा दिवस जास्त लागू लागले. हे उशिराचे नुकसान तर या कोणत्याही क्लॉजमध्ये भरून मिळत नाही. ईदचा माल ईदनंतर आला, तर तो तोटा ज्याचा त्याचा.

आता एका नाजूक प्रश्नाकडे येतो. आपल्यातील अनेक दीनदार व्यापारी विम्यापासून दूर राहतात. त्यांच्या नियतीबद्दल मला आदर आहे. दमास्कसचे हनफी फकीह इब्ने आबिदीन (वफात १८३६) यांनी सागरी विम्याचा विचार दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच केला होता. आग, बुडणे, लूट यांसाठी व्यापारी जी रक्कम देत तिचा उल्लेख करून, अशी भरपाई घेणे जायज नाही असे मत त्यांनी दिले. दुसरीकडे आपल्या देशातील परिस्थिती पाहून इस्लामिक फिक्ह अकॅडमी (इंडिया)ने जान-मालाच्या विम्याला मुभा दिली आहे. फतवा देणे हे व्यापाऱ्याचे काम नाही. पण पूर्ण माहिती घेऊन मुफ्ती साहेबांकडे जाणे हे मात्र त्याचेच काम आहे. ‘विमा जायज आहे का’ एवढाच अर्धा सवाल विचारला, तर उत्तरही अर्धेच मिळते. माल समुद्राने येतो, खंडणीचा हिस्सा सक्तीने भरावा लागतो, नाही भरला तर माल अडकतो, आणि त्या मालात दुसऱ्याची उधारी म्हणजे अमानत गुंतलेली आहे, हे सारे समोर ठेवून विचारले पाहिजे. आणि जो विमा न घेण्याच्या निर्णयावर ठाम राहील, त्याने प्रत्येक खेपेमागे काही रक्कम बाजूला काढून ठेवावी. तवक्कुल करायचा, पण उंट बांधून.

कोणी म्हणेल, सोमाली चाचे मुसलमान आहेत, गरिबीने पिडलेले आहेत. १९९१ नंतर त्या देशात सरकार उरले नाही, परदेशी ट्रॉलरनी त्यांची मासळी ओरबाडली, हे खरे आहे. पण वाटसरूला लुटणे ही राहजनीच, आणि शरियतने तिला मोठा गुन्हा मानले आहे. शिवाय लुटले कोण गेले तेही पाहावे. एप्रिल २०१७ मध्ये पळवले गेलेले ‘अल कौसर’ हे कच्छच्या मांडवीचे साधे मालवाहू गलबत होते. दुबईहून सोमालियालाच माल नेत होते. त्यावरील अकराही खलाशी भारतीय. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज २०१० मध्ये पळवले गेले. खंडणी मिळाल्यावर २०११ मध्ये जहाज सोडले, पण सात भारतीय खलाशांना अडकवून ठेवले. ते सुटले २०१४ च्या ऑक्टोबरात. चार वर्षे सात घरे वाट पाहत होती. या हिशेबाला कोणता क्लॉज लावणार?

जालन्याच्या ड्राय पोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली, तेव्हा सर्वांनी आनंद मानला. बंदर दारात येणार म्हटले की बंदराचे कागद आणि बंदराची जोखीमही दारात येणार. लहान व्यापारी आणि कारागीर यांनी त्यासाठी आतापासून तयारी करावी. माल मागवताना करारातच ‘ए’ क्लॉज लिहून घ्यावा, मार्ग धोक्याचा असेल तर युद्धाचा क्लॉज जोडावा, आणि पॉलिसीचा कागद पैसे पाठवण्याआधी हातात घ्यावा. सणाचा माल महिनाभर आधी निघेल असे पाहावे. ज्यांचा माल थोडा आहे त्यांनी चार-पाच जणांत मिळून एक जाणकार क्लिअरिंग एजंट धरावा. मोमीन, मन्सुरी, बागवान, अत्तार, मणियार या बिरादऱ्यांच्या बैठका लग्नकार्यासाठी होतात, चांदरातीच्या बाजारासाठी होतात. त्यातील एक बैठक या कागदांसाठी व्हावी. एखाद्या वकिलाला आणि मुफ्ती साहेबांना एकाच सतरंजीवर बसवून हा प्रश्न एकदाचा समजून घ्यावा.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. पाळण्याची दोरी मजबूत आहे की नाही, हे मात्र ज्याचे मूल त्यात निजले आहे त्यानेच पाहायचे असते. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो आणि समुद्रावर असलेल्या प्रत्येक मुसाफिराला सलामत घरी आणो.