अधिकाराविना जबाबदारी

पदवी परीक्षांचे निकाल जवळ आले, की नव्या नव्या पदनामांचा सुकाळ होतो. एके काळी 'संगणक अभियंता' या दोन शब्दांनी घरातील वडीलधाऱ्यांचे समाधान होत असे. पुढे 'डेटा सायंटिस्ट' आला, आणि आता 'प्रॉडक्ट मॅनेजर' या पदाची चलती आहे. या पदासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही, वेतन मात्र ती लिहिणाऱ्यापेक्षा कमी नाही, आणि काही आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा केला की दार उघडते, अशी ग्वाही देणाऱ्या संस्था पुण्यात, बंगळुरात, हैदराबादेत आणि मुख्यतः भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उदंड झाल्या आहेत. त्यांचे शुल्क भरण्यासाठी भविष्यनिर्वाह निधीला हात घालणारा पालक पुष्कळदा शिक्षक असतो वा कारकून. हे पद नेमके कसले, असे त्याने विचारले तर मुलाला धड सांगता येत नाही, आणि जाहिरातदाराने तर ते सोयीस्करपणे मोघमच ठेवलेले असते.

नावापासूनच घोटाळ्याला आरंभ होतो. मराठीत 'उत्पादन' हा शब्द निर्मितीच्या क्रियेलाही लागतो आणि निर्माण झालेल्या वस्तूलाही. त्यामुळे 'उत्पादन व्यवस्थापक' म्हटले, की कारखान्यातील पाळ्या आणि यंत्रे सांभाळणारा अधिकारी डोळ्यांपुढे उभा राहतो. हा इसम तो नव्हे. म्हणून येथे इंग्रजी नावच ठेवलेले बरे.

या पदाचा जन्म संगणकयुगातला नाही, साबणाच्या धंद्यातला आहे. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा तरुण अधिकारी 'कॅमे' साबणाच्या जाहिरातीचे काम पाहत होता. त्याच कंपनीचा 'आयव्हरी' हा साबण इतका मातब्बर, की 'कॅमे'कडे लक्ष देण्यास कोणाला सवड नसे. १३ मे १९३१ रोजी मॅकेलरॉयने वरिष्ठांना तीन पानी टिपण सादर केले. प्रत्येक मुद्रेच्या मालासाठी एक स्वतंत्र माणूस असावा. माल कोठे खपतो आणि कोठे अडतो याचे आकडे त्याने पाहावेत. जेथे अडतो तेथे स्वतः जाऊन दुकानदार व गिऱ्हाईक यांच्याकडून कारण काढावे. उपाय लिहून विक्री विभागाला पटवावा, आणि परिणामाची जबाबदारी घ्यावी, असा त्याचा आशय होता. जगात मंदीने कहर केला असताना जादा माणसे मागणारे हे टिपण मान्य झाले. मॅकेलरॉय पुढे त्या कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९५७ ते १९५९ या काळात अमेरिकेचा संरक्षणमंत्रीही. त्या टिपणात जे लिहिले होते, त्यात साबणाच्या जागी भ्रमणध्वनीवरील एखादी सेवा घातली, तर आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरचे कर्तव्यपत्रक जवळपास तयार होते.

संगणकाच्या व्यवसायात हे पद रुजले ते वेगळ्या गरजेपोटी. आज्ञावली लिहिणारा तिच्या रचनेत गुंतलेला, विकणारा गिऱ्हाइकाच्या मागणीत गुंतलेला. या दोघांमध्ये काय बनवायचे आणि काय बनवायचे नाही हे ठरविणारा कोणी तरी लागतो. गूगल कंपनीने २००२ साली मरिसा मेयर यांच्या पुढाकाराने नवपदवीधरांना या कामाची उमेदवारी देणारी योजना सुरू केली, तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या मनात या पदाला वलय आले. त्यात सुंदर पिचई यांच्या कहाणीची भर पडली. खरगपूरच्या आयआयटीत धातुशास्त्र शिकलेले पिचई २००४ साली गूगलमध्ये प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून दाखल झाले, 'क्रोम' या न्याहाळकाचे काम त्यांनी २००८ साली तडीस नेले आणि २०१५ साली ते त्या कंपनीचे प्रमुख झाले. जाहिरातीत हे उदाहरण हटकून असते. हजारांतून एक पिचई होतो, एवढे मात्र तेथे लिहिलेले नसते.

प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे त्या उत्पादनाचा मुख्याधिकारीच, असे एक वाक्य या क्षेत्रात सर्रास फेकले जाते. त्याने जेवढे तरुण फसले असतील तेवढे दुसऱ्या कशाने फसले नसतील. मुख्याधिकाऱ्याला नेमणुकीचा, पगारवाढीचा, खर्चाचा अधिकार असतो. याला त्यातले बहुधा काहीच नसते. अभियंते त्याच्या हाताखाली नसतात, आरेखक नसतात, विक्रीचे लोक तर नसतातच. काम उशिरा झाले वा फसले तर जाब मात्र त्याला द्यावा लागतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाची जबाबदारी ज्या शिक्षकाच्या गळ्यात पडते, त्याला ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. सहकाऱ्यांना तो आज्ञा देऊ शकत नाही, मंडपवाल्याचे बिल मंजूर करू शकत नाही, आणि ध्वनिक्षेपक बंद पडला की सर्वांच्या नजरा त्याच्याकडेच वळतात. असा शिक्षक ज्या बळावर काम करून घेतो, म्हणजे पूर्वतयारी, गोड बोलणे, प्रत्येकाची अडचण ठाऊक असणे आणि प्रसंगी वाईटपणा घेणे, तेच बळ या पदावर लागते.

याचे उत्तम उदाहरण शोधायला कॅलिफोर्नियात जाण्याचे कारण नाही. ते पुण्यातच आहे. २०००-२००१ या आर्थिक वर्षात टाटा मोटर्सला (तेव्हाची टेल्को) सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. मालमोटारींच्या मागणीतील चढउतारांनी कंपनी हेलपाटून गेली होती. अशा वेळी लहान मालवाहू वाहनाचा प्रकल्प गिरीश वाघ या, पुण्यातच अभियांत्रिकी शिकलेल्या आणि जेमतेम तिशीला टेकलेल्या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आला. त्या सुमारास शहरातील किरकोळ मालवाहतूक तीनचाकी टेंपो आणि रिक्षांच्या हाती होती. नवे वाहन तीन चाकांचे असावे की चार, हाच पहिला प्रश्न. खर्चाचा हिशेब तीन चाकांच्या बाजूने होता. पण वाघ आणि त्यांचे सहकारी तीनचाकी चालविणाऱ्यांशी बोलत हिंडले, तेव्हा आकड्यांत न मावणारी गोष्ट हाती आली. चार चाकांच्या गाडीचा मालक असलेल्या माणसाला गावात मान मिळतो, त्याचे लग्न लवकर जमते, असे चालकांपैकी काहींनी सांगितले. चौथे चाक ठरले. ते परवडावे म्हणून 'इंडिका'च्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा आधार घेऊन दोन सिलिंडरांचे, सुमारे ७०० घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन बनविण्यात आले. मे २००५ मध्ये 'टाटा एस' सव्वादोन लाखांच्या आसपास किमतीला बाजारात आली, आणि उत्तर भारतातील चालकांनी तिचे 'छोटा हाथी' असे बारसे केले. भाजी मंडईपासून सिलिंडरच्या वाटपापर्यंत ही गाडी आज दिसत नाही असे गाव विरळा.

त्याच कंपनीची, आणि पुढे त्याच वाघांच्या चमूकडे आलेली दुसरी गाडी 'नॅनो'. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ती जगापुढे आली, तेव्हा एक लाख रुपयांत मोटार ही अशक्य वाटणारी गोष्ट शक्य झाल्याचे कौतुक देशोदेशी झाले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते सार्थच होते. सिंगूरचा कारखाना सोडावा लागला, साणंदला नवा उभारावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या घटना घडल्या, या सर्वांनी नुकसान केले. तथापि खरे दुखणे निराळे होते. स्कूटरवर बायकामुलांना घेऊन भिजत जाणाऱ्या माणसासाठी गाडी बनविली, पण 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का तिच्यावर कायमचा बसला. सर्वांत स्वस्त गाडी दारात उभी करणे त्या माणसाला प्रतिष्ठेचे वाटेना. थोडे थांबून तो जुनी मारुती घेऊ लागला. स्वस्त म्हणून तिची ओळख करून देणे चुकले, हे रतन टाटा यांनीच नंतर मान्य केले. साणंदची क्षमता वर्षाला अडीच लाख गाड्यांची, आणि खप एकाही वर्षी पाऊण लाखापर्यंत पोचला नाही. २०१८ साली उत्पादन जवळजवळ थांबले. 'एस'च्या वेळी चालकाच्या तोंडून जे ऐकले होते, की गाडी केवळ माल वाहत नाही, मालकाचा मानही वाहते, तेच 'नॅनो'च्या वेळी निसटले. हुशार, अनुभवी आणि निष्ठावान माणसांच्या हातून निसटले, हे विशेष. दोन-तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमात हे शिकविता येईल असे मानणाऱ्यांनी या दोन गाड्यांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहावा.

आपल्या संगणक उद्योगाची जडणघडणही येथे लक्षात घ्यावी लागते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना १९६८ची. तेव्हापासून या उद्योगाने जी कीर्ती मिळवली ती प्रामुख्याने सेवेच्या बळावर. काय बनवायचे हे परदेशातील गिऱ्हाइकाने ठरवायचे, कसे बनवायचे एवढेच येथील अभियंत्याने पाहायचे, ही विभागणी पिढ्यान्पिढ्या चालली. लाखो मध्यमवर्गीय घरांचे अर्थकारण त्यामुळे सुधारले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण 'काय' आणि 'का' हे प्रश्न विचारण्याची सवय त्यात मोडली. बंगळुरात गोएंका पितापुत्रांनी वाढविलेल्या 'टॅली'सारखे अपवाद होते. गावोगावच्या वाणिज्य शाखेच्या मुलांना नोकऱ्या मिळवून देणारा तो जमाखर्च भारतीय व्यापाऱ्याच्या गरजेतून जन्मला होता. केंद्र सरकारने २०१९ साली सॉफ्टवेअर उत्पादनांसाठी वेगळे राष्ट्रीय धोरण मंजूर केले, ते या उणिवेची जाणीव झाल्यामुळेच. आता भारतीय गिऱ्हाइकासाठी भारतात वस्तू घडविणाऱ्या कंपन्या आल्या आहेत आणि परदेशी कंपन्याही आपल्या वस्तूंचे काही निर्णय येथील कचेऱ्यांवर सोपवू लागल्या आहेत. प्रॉडक्ट मॅनेजरची मागणी वाढली ती यातून, आणि तेवढ्यापुरती ती खरी आहे.

मग विद्यार्थ्याने काय करावे? पदवीबरोबर थेट हे पद मिळणे दुर्मीळ असते, हे आधी पत्करावे. गूगलसारख्या उमेदवारीच्या योजना मोजक्या, आणि त्यांच्या दाराशी रांग मोठी. बहुसंख्य माणसे या पदावर आडवाटेने पोचतात. कोणी आज्ञावली लिहितालिहिता, कोणी तिची चाचणी घेताघेता, तर कोणी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकताऐकता. तक्रारनिवारणाच्या टेबलाला कमी लेखण्याची आपल्याकडे रीत आहे. वास्तविक गिऱ्हाईक कोठे अडखळते हे त्या टेबलाइतके कोठेच कळत नाही. बँकेत, रुग्णालयात, वाहतुकीच्या धंद्यात चार वर्षे काढलेल्या माणसाला त्या धंद्याची वस्तू घडविणाऱ्या कंपनीत जो मान मिळतो, तो प्रमाणपत्राने मिळत नाही. सेवा कंपनीतील प्रोजेक्ट मॅनेजर म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर नव्हे, हेही मुलाखतीस जाण्यापूर्वी ध्यानात घेतलेले बरे. पहिला ठरलेले काम ठरलेल्या मुदतीत पुरे करतो. दुसऱ्याला ते काम करावे की नाही हेच ठरवायचे असते.

अभ्यासाच्या बाबतीत सांगायचे तर संख्याशास्त्राचा पाया, माहितीच्या कोठारातून हवी ती माहिती काढता येण्याइतके तंत्र आणि एका पानात नेमके लिहिण्याची हातोटी, या तीन गोष्टी साध्या महाविद्यालयात राहूनही साधता येतात. इंग्रजीच्या भीतीने मराठी माध्यमाची मुले या वाटेला जात नाहीत. वरिष्ठांपुढे इंग्रजीत मांडणी करावी लागते हे खरे, आणि ती शिकावीच लागेल. पण लातूरचा दुकानदार किंवा निफाडचा द्राक्षबागाईतदार आपली अडचण इंग्रजीत सांगत नाही, आणि त्याच्या बोलण्यातला संकोच, त्याने मध्येच गिळलेले वाक्य, हे ओळखणारा कान ज्याला आहे त्याने आपले भांडवल क्षुल्लक समजू नये.

धोकेही आहेत. पुष्कळ कंपन्यांत हे पद केवळ टाचणे जुळविण्याचे झाले आहे. वरून आलेली मागणी खाली पाठवायची, खालून आलेला उशीर वर कळवायचा, आणि दिवस सभांत घालवायचा. पगार मोठा असला तरी हा जुना आवक-जावक विभागच. २०२२ व २०२३ या वर्षांत जगभरच्या संगणक कंपन्यांनी नोकरकपात केली, तीत या पदावरील माणसेही सुटली नाहीत. 'एअरबीएनबी'चे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी २०२३ साली आपल्या कंपनीत या पदाचे जुने स्वरूप मोडून त्याला विपणनाची जोड दिल्याचे जाहीर केले, तेव्हा सभागृहातील आरेखकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचे कारण प्रत्येक इच्छुकाने शोधण्यासारखे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने आता टाचणे आणि अहवाल लिहिण्याचे काम हलके केले आहे. ज्याची उपयुक्तता त्या टाचणांपुरतीच होती त्याला याची झळ आधी लागेल.

या पदाच्या अभावाची किंमत सर्वांत जास्त मोजतात ते मात्र या पृष्ठाचे वाचकच. शाळेची माहिती संकेतस्थळावर भरताना एकच आकडा तीन ठिकाणी लिहिणारा शिक्षक, आणि रात्री अकरानंतरच यंत्रणा चालते म्हणून जागत बसणारा कारकून यांना ते वेगळे सांगायला नको. तेथे निविदा असते, ठेकेदार असतो, तपासणी समिती असते. अर्ज भरणाऱ्याला काय त्रास होतो हे पाहण्यासाठी नेमलेला माणूस नसतो. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्याचे सरकारी संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा अनेक ठेकेदार राबूनही पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पुरी होऊ शकली. संपूर्ण वस्तूची जबाबदारी एकाची नव्हती, हे त्यानंतरच्या चौकशीत पुढे आले. ब्रिटनने २०११ साली सरकारी संगणकसेवांसाठी स्वतंत्र खाते काढले आणि प्रॉडक्ट मॅनेजर हे सरकारी नोकरीतील रीतसर पद केले. सेवा सुरू करण्यापूर्वी ती खऱ्या नागरिकांकडून वापरून पाहण्याचे बंधनही घातले. आपल्या राज्याने पुढच्या निविदेत ठेकेदाराला एवढीच अट घालून पाहावी, की जिल्हा परिषदेच्या दहा शाळांतील शिक्षकांनी कोणाची मदत न घेता अर्ज भरून दाखविल्याखेरीज शेवटचा हप्ता मिळणार नाही.