अँड्रॉइड की आयफोन? आधी मराठीचे बोला

आंबिया बहाराच्या संत्र्याचे पैसे हाती आले, की पांढुर्णा-सौसर परिसरात घरोघरी मोठ्या खरेदीचे बेत सुरू होतात. अलीकडे त्या यादीत नवा स्मार्टफोन हमखास असतो. कोणी गावातल्याच दुकानातून घेतो, कोणी नागपूरला सीताबर्डीवर जातो. वाद ठरलेला : अँड्रॉइड घ्यावा की आयफोन? कॅमेरा, बॅटरी, हप्ता, पुतण्याकडे कोणता आहे, या सर्वांवर खल होतो. तो फोन मराठी कितपत जाणतो, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पुण्याच्या ग्राहकाने हा प्रश्न विसरला तर फारसे बिघडत नाही. त्याच्याभोवती पाट्या, शाळा आणि कचेऱ्या मराठीतच आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आपल्याला मराठी शाळा मागावी लागते, मराठी शिक्षक मागावा लागतो, मराठी सूचनाफलकही मागावा लागतो. फोनची भाषा ही एकच गोष्ट अशी आहे, की जिच्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही. आणि नेमकी तीच आपण दुकानदाराच्या बोटावर सोडून देतो.

दोन्ही प्रणालींचा मराठीशी व्यवहार सारखा राहिलेला नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. अँड्रॉइडने २०१४ मध्ये आपल्या पाचव्या आवृत्तीत मराठी ही संपूर्ण फोनची भाषा म्हणून घेतली. तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम, बंगाली याही भाषा त्याच वेळी आल्या. आयफोनवर मराठी कळफलक होता, हिंदी पडदाही होता. पण फोनचा सारा पडदा मराठीत वाचायचा, तर त्यासाठी २०२५ सालच्या १८.४ या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. म्हणजे तब्बल दहा वर्षांहून अधिक काळ महागड्या फोनचा मराठी मालक हिंदी किंवा इंग्रजी निवडत होता, आणि त्याबद्दल फारशी ओरड झाली नाही. आपल्या समाजात महाग वस्तूला भाषेचा जाब विचारण्याची रीतच नाही.

जुना आयफोन घेणाऱ्यांनी येथे सावध राहावे. ही आवृत्ती २०१८ च्या एक्सआर, एक्सएस आणि त्यानंतरच्या फोनांवरच चालते. स्वस्तात मिळतो म्हणून आयफोन आठ किंवा एक्स घेतला, तर त्याचा पडदा मराठी कधीच होणार नाही.

मराठी माणसांनी स्वतः असा फोन घडवण्याचा प्रयत्न केला नाही, असे नाही. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेले राकेश देशमुख आणि त्यांचे सहकारी यांनी अँड्रॉइडच्या पायावर इंडस नावाची प्रणाली उभी केली. २०१५ पासून ती मायक्रोमॅक्सच्या फोनांवर येऊ लागली. भारतीय भाषा ही तिची सजावट नव्हती, तिचे मूळ प्रयोजनच ते होते. प्रणाली म्हणून ती टिकली नाही; तिच्यातून निघालेला ॲप-बाजार पुढे फोनपेकडे गेला आणि २०२४ मध्ये नव्या रूपात सुरू झाला. स्वस्त परदेशी फोनांच्या लाटेपुढे मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्या मागे पडल्या, हे तिच्या अस्ताचे एक कारण. दुसरे कारण आपल्याकडेही शोधावे लागेल : भाषेसाठी फोन निवडणारा ग्राहक पुरेशा संख्येने पुढे आलाच नाही.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर बावीसही अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. ही 'आणखी एक' भाषा कोणती, ते कंपनी ठरवते. व्यवहारात आज दोन्ही बाजूंना मराठी मिळते, म्हणून तक्रारीला जागा उरलेली नाही. उरतो तो सवयीचा प्रश्न. दुकानदार फोन सुरू करताना हिंदीवर बोट ठेवतो; लिपी एकच असल्याने आपल्यालाही ते खटकत नाही.

खटकले पाहिजे. लिपी एक असली तरी अक्षरांचा संसार एक नाही. जामसावळी हे आपल्या तालुक्यातले सर्वांना ठाऊक असलेले देवस्थान. हिंदी पाट्यांवर ते जामसांवली होते. शेजारचे काळे फोनच्या यादीत काले होतात. हिंदी कळफलक निवडला, की सुचवले जाणारे शब्द हिंदी कोशातले असतात. 'पाणी' लिहू जाता 'पानी' पुढे सरसावते. दऱ्या आणि दर्या यांतील अंतर हिंदीला लागतच नाही, म्हणून तो अर्धा र शोधायला तुम्हाला कळफलक चाळावा लागतो. अंकांचेही तसेच. युनिकोडच्या भाषाकोशात मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ धरले आहेत, हिंदीसाठी मात्र इंग्रजी अंक. म्हणून बहुतेक अँड्रॉइड फोनांवर भाषा मराठी करताच घड्याळ १०:३५ असे देवनागरीत दिसू लागते. चौथीपर्यंत शिकलेल्या आजीला तो फरक आपल्याहून लवकर कळतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे. आपले राज्य हिंदी; तहसिलीचा अर्ज, समग्र आयडी, मुलांच्या शिष्यवृत्तीची माहिती सारे हिंदीत; मग फोन मराठी करून अडचण कशाला ओढवून घ्यायची? हे चार-पाच वर्षांपूर्वी अधिक खरे होते. आता प्रत्येक ॲपची भाषा स्वतंत्रपणे ठरवता येते : आयफोनवर २०१९ पासून, अँड्रॉइडवर २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून. फोन मराठी आणि बँकेचे ॲप हिंदी, हे सुखाने एकत्र नांदते. शिवाय भाषांच्या यादीत मराठी पहिली आणि हिंदी दुसरी असा क्रमही लावता येतो. हिंदीशी आपले वैर नाही. घरातला पहिला पाट कोणाचा, एवढाच मुद्दा आहे.

मग घ्यावा कोणता? माझे मत स्पष्ट आहे. आपल्याकडील बहुतेक कुटुंबांनी अँड्रॉइडच घ्यावा. किंमत हे कारण आहेच. पण मराठी तेथे अधिक काळ मुरलेली आहे आणि कळफलकांची निवडही मोठी आहे. मुंबई आयआयटीचा स्वरचक्र हा कळफलक तर बाराखडी शिकलेल्या कोणालाही पाच मिनिटांत उमगतो. ज्यांना परवडतो त्यांनी आयफोन खुशाल घ्यावा, मात्र नवा. अँड्रॉइडमध्येही एक खोच आहे : काही कंपन्या स्वतःच्या पदरचे पडदे त्यावर चढवतात आणि ते अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी राहतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानातच भाषा मराठी करून चार पडदे उघडून पाहावेत. 'जामसावळी', 'दऱ्या', 'ॲप' हे तीन शब्द लिहून पाहावेत. आणि एखादे वाक्य बोलून पाहावे, पण आपल्या बोलीत : 'मले उद्या नागपूरले जायचं आहे.' गुगलची मराठी बोलून-लेखनाची सोय २०१७ पासून आहे, पण ती प्रमाण मराठीवर पोसलेली. आपले 'मले' ती कसे ऐकते, हे ज्याचे त्याने पाहावे. ज्या बोलीत कोणी बोलतच नाही, ती यंत्र शिकणार कोठून?

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि सौसर त्यात आले. जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्य पंधरा टक्क्यांच्या पुढे असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, असे मान्य तत्त्व आहे. विस्तीर्ण छिंदवाड्यात आपली टक्केवारी विरघळत असे. नव्या जिल्ह्यात तिचे चित्र वेगळे दिसेल. ते आकडे येणार १ मार्च २०२७ हा संदर्भदिन असलेल्या जनगणनेतून, आणि ती जनगणना या वेळी मोबाइलवरच होणार आहे. घरबसल्या स्वतःची माहिती भरण्याची सोयही आहे. मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचे, हे त्या वेळी हातातल्या पडद्यासमोरच ठरेल.

नवा फोन घ्यायचा नसेल, तरी हाताशी असलेला बदलता येतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधील सिस्टिमखाली भाषांची यादी सापडते, आयफोनवर जनरलखालील लँग्वेज अँड रीजनमध्ये. यादीत मराठी हे नाव मराठीतच लिहिलेले आहे. दोन दिवस चाचपडायला होते; तिसऱ्या दिवशी बोटे आपोआप वळतात.