आज मागणी, उद्या दारी

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान कारखान्यात सायंकाळी लेथचे बेअरिंग निकामी झाले, तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पुढचा दिवस वाया गेला असेच धरले जाई. सकाळी एक माणूस पुण्याच्या बोहरी आळीत जाई. तेथे नेमक्या क्रमांकाचे बेअरिंग न मिळाल्यास तो मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटची वाट धरी. कारागीर हात बांधून बसत आणि मालक पुरवठ्याच्या तारखेकडे पाहत राही. आज तोच मालक रात्री मोबाइलवर क्रमांक टिपून मागणी नोंदवतो आणि पुष्कळदा दुसऱ्या दिवशी वस्तू त्याच्या हाती पडते. सोबत जीएसटीचे रीतसर बिल असते, त्यामुळे कराची वजावटही मिळते. घरातील माणसांना घरपोच सेवेचे कौतुक वाटते ते कपडे आणि भांडी वेळेवर आल्यामुळे. या पट्ट्यातील लघुउद्योजकाच्या दृष्टीने मात्र तो बंद यंत्राचा आणि बुडणाऱ्या मजुरीचा प्रश्न असतो.

ही तत्परता पुष्कळांना चमत्कारासारखी वाटते. वस्तुतः माल फार वेगाने धावत नाही. तो मागणीच्या आधीच जवळ येऊन बसलेला असतो. कोणत्या भागात कोणती वस्तू किती खपते याचा हिशेब ठेवून ती गोदामात भरली जाते. चाकण-तळेगाव परिसरात गोदामांची दाटी झाली, कारण पुणे-नाशिक आणि मुंबई-पुणे हे दोन्ही मार्ग तेथून हाताशी आहेत. मागणी येताच कामगार फळीवरून वस्तू उचलतो, तिच्यावरील पट्टीसंकेत यंत्राने वाचला जातो, खोके बांधले जाते आणि रात्रीच वाहन सुटते. चाकणच्या तळेगाव चौकातील कोंडीत अडकेपर्यंत तरी सारे सुरळीत चालते.

या पट्ट्याला ही विद्या नवी नाही. मोटारींचे मोठे कारखाने सुट्या भागांचा साठा कमीत कमी ठेवतात. भाग तासाच्या हिशेबाने मागवले जातात. एकच ट्रक चार-पाच पुरवठादारांकडे फिरून माल गोळा करतो. दूध गोळा करणाऱ्या गाडीसारखी ही फेरी, म्हणून तिला कारखान्यांत ‘मिल्क रन’ म्हणतात. पुरवठा चुकला तर जुळणीची साखळीच थांबते. पिंपरी आणि चाकणच्या पुरवठादारांनी जी शिस्त कारखान्यांसाठी अंगी बाणवली, तिचाच लाभ आता निगडीच्या गृहिणीला होत आहे.

टपालाने माल मागवण्याची रीतही जुनीच. अमेरिकेत माँटगोमेरी वॉर्ड यांनी 1872 मध्ये आपली पहिली सूची काढली आणि 1875 पासून, माल न आवडल्यास पैसे परत, अशी हमी दिली. भारतात 1877 साली व्ही. पी. पी. सुरू झाली. पार्सल घेताना पोस्टमनकडे किंमत द्यायची आणि ती टपालखात्याने विक्रेत्याकडे पोहोचवायची, अशी ती व्यवस्था. पुण्यात 1884 मध्ये स्थापन झालेल्या पेस्तनजी पोचा यांच्या पेढीने फुलांचे व भाजीचे बियाणे याच मार्गाने दूरदूरच्या बागांत पोहोचवले. बियाण्याचा व्यवहार मोठा नाजूक: पुडीत काय आहे हे उगवल्यावाचून कळत नाही. तरी लोकांनी सूची पाहून बियाणे मागवले, कारण पेढीच्या नावावर विश्वास होता. उलट, जाहिरातीतील घड्याळाऐवजी भलतीच वस्तू पदरी पडल्याच्या कथाही व्ही. पी. पी.च्या काळात कमी नव्हत्या; पैसे आधी द्यावे लागत आणि पुडके नंतर उघडता येई.

आजच्या वेगामागे एका मराठी माणसाचेही श्रेय आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी अमलात आली. महाराष्ट्रात पिंपरी नावाची गावे किती, हे मोजू जाणाऱ्याची दमछाकच व्हावी. पण 411018 म्हटले की नेमकी ही पिंपरी, आणि 410501 म्हटले की चाकण. खासगी कंपन्यांची सारी वाटणी आजही याच सहा अंकांवर उभी आहे.

चाकणचा बाजार कांद्या-बटाट्यासाठी प्रसिद्ध. त्याच गावात राहणाऱ्या जैन कुटुंबाला कंदमुळाविना केलेला फराळ आता घरबसल्या मिळतो, तोही घटकपदार्थांची यादी आधी वाचून. ही सोय लहान म्हणता येणार नाही.

तथापि चांगली सेवा केवळ वेगात नसते. चुकीचा माल आल्यावर विक्रेता कसा वागतो, त्यात त्याची खरी पारख होते. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि महिन्याच्या आत निवारण करणे बंधनकारक आहे. तेवढ्यावर भागले नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. महागडी वस्तू घेताना खोके पोहोचवणाऱ्यासमोरच उघडावे, शक्य नसल्यास उघडतानाचे चित्रीकरण ठेवावे आणि ओटीपी वस्तू पाहिल्यावरच सांगावा. एवढे पथ्य पुष्कळ तक्रारी टाळते.

पोहोचवणाऱ्या तरुणाचा हिशेब मात्र या कौतुकात सहसा धरला जात नाही. ‘गिग कामगार’ हा शब्द सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 द्वारे प्रथमच कायद्यात आला. तोवर हा तरुण धड नोकर नव्हता आणि धड व्यापारीही नव्हता. त्याची कमाई फेऱ्यांवर, आणि फेरीचा पेट्रोलचा खर्च बहुधा त्याच्याच खिशातून. बंद लिफ्टच्या इमारतीत सहाव्या मजल्यावरून ‘वर आणून द्या’ असे सहज म्हणणाऱ्यांनी निदान पाण्याचा पेला पुढे करायला हरकत नसावी.

समाजातील अनेक कुटुंबे दुकानदारीवर उभी आहेत आणि त्यांना ही स्पर्धा जाचते, हे खरे. मोठ्या विक्रेत्यांची सवलत लहान दुकानदाराला परवडत नाही, हेही खरे. पण गिऱ्हाईक दरवेळी किमतीपायीच दुरावते असे नाही. ‘माल संपलाय, चार दिवसांनी चौकशी करा’ या उत्तराने ते अधिक दुरावते. माल बदलून मागितल्यावर कपाळाला पडणारी आठी त्याला आणखी दूर नेते. दुकानदाराकडे जे आहे ते कोणत्याही गोदामात नाही: कोणत्या नळाला कोणता वायसर बसेल हे वस्तू हातात घेऊन सांगणारा अनुभव, महिनाअखेरची उधारी आणि तीन पिढ्यांची ओळख. चिंचवडच्या बाजारपेठेतील एखादा दुकानदार व्हॉट्सॲपवर यादी घेतो, नसलेली वस्तू शेजारच्या दुकानातून आणून ती पूर्ण करतो आणि मुलाला सायकलवर पिटाळतो. दहाला दिलेली यादी बाराच्या आत घरी पोहोचते. चाकणहून निघालेले खोके तेव्हा बहुधा तळेगाव चौकातच असते.