तलाव सरकारचा, मासे कोणाचे?

मध्य प्रदेशात तवा नदीवर १९७०च्या दशकात धरण झाले आणि कित्येक आदिवासी गावे पाण्याखाली गेली. शेत गेले, जंगल गेले, उरले समोरचे अथांग पाणी. पण त्यातली मासळीही त्यांची नव्हती. आधी सरकारी महामंडळाने आणि मग ठेकेदाराने ती नेली. ज्यांच्या जमिनीवर पाणी उभे राहिले, तेच जाळे टाकताना चोर ठरू लागले.

लोक आंदोलनाला उतरले, तेव्हा कुठे १९९६मध्ये सरकारने विस्थापितांच्या सहकारी संस्थांना पाच वर्षांसाठी मासेमारीचा हक्क दिला. या संस्थांचा 'तवा मत्स्य संघ' उभा राहिला. संघाने जलाशयात मत्स्यबीज सोडले, पावसाळ्यात मासे अंडी घालतात त्या काळात मासेमारी बंद ठेवली, चोरट्या मासेमारीवर पहारा बसवला आणि सरकारचे शुल्कही भरले. ज्यांना अडाणी समजले जात होते, त्यांनी एवढा कारभार सांभाळून दाखवला.

यात चमत्कार काहीच नाही. ठेकेदाराला ठरलेल्या मुदतीत पैसा वसूल करायचा असतो. मासोळीच्या पोटात अंडी आहेत की नाहीत, हे तो कशाला पाहील? काठावर राहणाऱ्याची चूल मात्र पुढच्या वर्षीही त्याच पाण्यावर पेटायची असते. म्हणून तो राखून खातो.

२००१मध्ये संघाला मुदत वाढवून मिळाली, पण २००६च्या अखेरीस तो हक्क संपला. या वेळी अभयारण्याचे नियम आडवे आले. वन्यप्राणी जगलेच पाहिजेत, यात वाद नाही. पण जो स्वतःहून दोन महिने जाळे गुंडाळून ठेवतो, त्याला हाकलण्याऐवजी राखणदार का करू नये?

गावोगावचे तलाव आजही ठेक्याने दिले जातात. सर्वांत मोठी बोली म्हणजेच जनतेचे हित, असे समजणे चूक आहे. तुमच्या गावच्या तलावाचा ठेका निघेल तेव्हा ग्रामसभेत रकमेबरोबर आणखी तीन प्रश्न जरूर विचारा: बोटुकली किती सोडणार? बारीक जाळी कोण रोखणार? पावसाळ्यातली बंदी कोण पाळणार?

उत्तर मिळाले नाही, तर समजा की तलावाबरोबर उद्याच्या मासळीचाही लिलाव झाला.